न खाजणारा डाग

माझ्या कोपराखाली फिकट, कडेला लालसर चट्टे उठले. पाठीवरही होते, पण तिथे कोण बघतं! खाज नाही, दुखणं नाही. मेडिकलवाल्याने गजकर्णाचं मलम दिलं, शेजारच्या काकू म्हणाल्या कोड असेल. बल्लारपूरच्या उन्हाळ्यात घामाने अंगावर काही ना काही उठतंच, म्हणून घरात कुणाला शंका आली नाही. मग पोळ्या करताना तव्याची कड हाताला लागली. चटका जाणवलाच नाही. फोड दिसला तो भांडी घासताना.

घरोघरी तपासणी करणाऱ्या आशाताई म्हणाल्या, "दुखत नाही, खाजत नाही? मंग तर दाखवाच."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून हातावरून कापूस फिरवला. चट्ट्यावर तो कळेना. कोपराच्या आतली नस जाड झाली होती. कुष्ठरोग.

आमच्या जिल्ह्यात हे नाव निघालं की वरोऱ्याचं आनंदवन डोळ्यांपुढे येतं. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली, तेव्हा रोग्याला घरातून हाकलत. मी मात्र घरीच राहिले, स्वयंपाक केला, मुलांना जवळ घेतलं. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते. गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात: चट्टे पाचपर्यंत असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12. लघवी लालसर होते, कातडी काळवंडते. गोळ्या संपल्यावर रंग हळूहळू परततो. काळवंडलं म्हणून गोळ्या सोडू नका. पण चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली, हाताची पकड ढिली पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नस एकदा गेली की बोटं वाकतात, आणि ती गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

प्रत्येक डाग कुष्ठाचा नसतो. शेगडीजवळ रोज बसणाऱ्यांच्या पायावर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. शेगडी दूर करावी, तरी टिकले तर दाखवावेत. थंडीने उठलेली निळसर जाळी ऊब मिळाल्यावर जाते. ती गेली नाही आणि सोबत ताप, धाप, ग्लानी किंवा गार हातपाय असतील, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

माझ्या घरच्यांनाही तपासलं. ज्यांना काही नव्हतं त्यांना रोग टळावा म्हणून रिफाम्पिसिन या औषधाची एकच मात्रा दिली. सासूबाई आधी नको म्हणाल्या. आशाताईंनी समोर बसून ती घ्यायला लावली.