मोटारीचे नाक

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यावर, संध्याकाळच्या गर्दीत मोटारी चार हात पुढे सरकतात आणि थांबतात. इंजिने मात्र चालूच असतात. एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिन किती हवा ओढून घेत असेल? एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे लिटरमागे ११ किलो, आकारमानाने जवळजवळ ९,००० लिटर हवा झाली!

हवा कमी पडली, तर पेट्रोल अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. हवा जास्त झाली, तर धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन नीट करता येत नाही. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना असा उत्प्रेरक १९९५ पासून सक्तीचा झाला. त्याचे काम चोख व्हावे, तर हवा व पेट्रोल यांचे प्रमाण सतत तपासत राहिले पाहिजे. हे काम करतो ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे प्राणवायू-संवेदक. १९७६ मध्ये बॉश कंपनीचा असा संवेदक व्होल्व्हो मोटारींत प्रथम वापरात आला.

हे मोटारीचे नाक म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची, बोटाच्या टोकासारखी एक पोकळ टोपी. तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. आत बाहेरची ताजी हवा, बाहेर धूर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली, की या टोपीतून प्राणवायूचे आयन सरकू लागतात. दोन्ही बाजूंना प्राणवायू सारखा नसल्याने तिथे चक्क एक विद्युत्‌घट तयार होतो. याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर नेर्न्स्ट याने १८८९ मध्ये मांडले होते.

६०० अंश तापमानाला प्राणवायूतील दर दहापट फरकामागे सुमारे ०.०४३ व्होल्ट मिळतात. हवेत प्राणवायू २१ टक्के आणि धुरात १ टक्का असेल, तर फरक २१ पट; व्होल्टता सुमारे ०.०६. पण पेट्रोल जास्त झाले, की उरलासुरला प्राणवायूही प्लॅटिनमवर खर्ची पडतो. मग फरक एकावर २० शून्ये इतका होऊ शकतो! २० गुणिले ०.०४३ म्हणजे ०.८६ व्होल्ट. १४.७ या प्रमाणापाशी व्होल्टता अशी एकदम उडी घेते. ती ०.४५ च्या खाली गेली, की इंजिनाचा छोटा संगणक पेट्रोल वाढवतो. वर गेली, की कमी करतो.

आता समजा, गाडीचा पिवळा दिवा लागला आणि तपासणी-यंत्राने ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असे सांगितले. लगेच संवेदक बदलावा काय? थांबा. संवेदकाला पेट्रोल कळतच नाही. त्याला फक्त प्राणवायू कळतो. त्याच्या अगोदरच्या नळीला बारीक चीर असेल, तर बाहेरची हवा धुरात शिरते. ठिणगी चुकत असेल, तर न जळलेल्या पेट्रोलबरोबर प्राणवायूही तसाच बाहेर पडतो. दोन्ही वेळा नाक खरेच सांगते, पण संगणक फसतो आणि विनाकारण पेट्रोल वाढवतो. अशा वेळी नवा संवेदक आणला तरी दिवा पुन्हा लागणार. पैसे मात्र गेलेले असणार!

म्हणून आधी परीक्षा. इंजिन तापल्यावर डिजिटल मल्टिमीटरने संवेदकाची व्होल्टता पाहावी. उत्प्रेरकाच्या अगोदरचा साधा संवेदक ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होतो. चीर नाही, ठिणगी ठीक आहे, आणि तरीही आकडा सुस्त किंवा एकाच जागी, तरच संवेदक दोषी. चार तारांच्या संवेदकात तापकही असतो. त्याचा फ्यूज आधी पाहावा. काही नव्या मोटारींत पाच किंवा अधिक तारांचा वेगळा संवेदक असतो. त्याला ही परीक्षा लागू नाही.

बदलण्याचे काम जाणत्या मोठ्या माणसाबरोबरच करावे. इंजिन बंद करून निवू द्यावे आणि बॅटरीची ऋण तार काढावी. जोडणी सोडवून, बहुधा २२ मिलिमीटरच्या पान्याने, संवेदक उलटा फिरवावा. आटे गंजले असतील, तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे. नव्याच्या टोकाला बोट लावू नये. आट्यांवरचा लेप टोकाला लागू देऊ नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटी एक कोडे. अनेक संवेदक आतली ताजी हवा तारांच्या आवरणातून घेतात. कोणी जोडणीत ग्रीस भरून ती वाट बुजवली, तर आतला प्राणवायू घटेल. मग व्होल्टता वाढेल की कमी होईल? आणि गाडी पेट्रोल जास्त पिईल की कमी? वरच्या गणितावरून उत्तर काढून पाहा.