डबा न घेता निघ

बाई, परवा फोनवर तू जे बोललीस ते माझ्या मनातून जात नाही. "ताई, हे दिवसभर घरातच असतात, मला माझंच घर पुरेना झालंय," असं म्हणालीस आणि लगेच कापसाच्या भावावर आलीस. मला नाही सांगणार तर कोणाला सांगशील? जरा बस. आज तुझ्याशी मोकळं बोलायचंय.

आधी हे ऐक, तुझं काही चुकत नाही आणि जावईबापूंचंही नाही. इतकी वर्षं ते सकाळी शाळेत गेले की दुपार तुझी असायची. गहू निवडणं, पडून राहणं, शेजारणीकडे जाऊन येणं, सगळं तुझ्या मनानं. आता निवृत्तीनंतर त्याच दुपारी एक माणूस घरभर फिरतो आणि "काय करून राहिली?" म्हणून विचारतो. त्याला जायला जागा नाही, तुला एकटं बसायला जागा नाही. दोघंही भले, म्हणून भांडणही होत नाही, नुसता जीव गुदमरतो. आमच्याकडे हे होऊन गेलंय, म्हणून हक्कानं सांगते.

लोक सांगतील, काशीला जाऊन या, चारधाम करा. जरूर करा. पण वर्षातल्या आठ दिवसांच्या यात्रेनं बाकीच्या दुपारी सुटत नाहीत. तुम्ही दोघांनी रोज थोडं थोडं घराबाहेर पडायचं. आणि ते आत्ता सुरू कर, आश्विनात. चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन माणसाला दाराबाहेर पाय टाकू देत नाही आणि श्रावण-भाद्रपदात रस्त्यावर चिखल. कोजागिरीच्या मागेपुढे मात्र यवतमाळ जिल्ह्यासारखा जिल्हा नाही, हे मी इथे जन्मले म्हणून म्हणत नाही. सोयाबीन निघालेलं असतं, कपाशीची बोंडं फुटायला लागतात, तुरीला फुलं येतात, नाल्यांना पाणी असतं आणि टेकड्यांवर सागाची पानं अजून झाडावरच असतात. सीताफळं पाटीपाटीनं बाजारात येतात. दुपार तापते, ते खरं. म्हणून सकाळी नवाच्या आत किंवा चार-साडेचारनंतर निघायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डबा करायचा नाही.

आपण बाया कुठेही निघायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून दशम्या, चटणी, ठेचा, पाण्याच्या बाटल्या, त्यांच्या गोळ्या, एक जादा रुमाल. मग तिथे जाऊन वाढायचं, आवरायचं, घरी येऊन डबे घासायचे. असं फिरणं म्हणजे स्वयंपाकघर डोक्यावर घेऊन चालणं. त्यांची सुट्टी होते, तुझी होत नाही, आणि चार-सहा वेळा असं झालं की तूच म्हणतेस, नको बाई, घरीच बरं. म्हणून घरून फक्त पाणी घ्यायचं. वाटेत पोहे मिळतात, आलूबोंडा मिळतो, शेंगा मिळतात. तब्येतीला तेलकट चालत नसेल तर केळी घ्या. तू बाकावर बसायचं आणि त्यांनी आणून द्यायचं. पहिल्यांदा त्यांना अवघड वाटेल. यांनी एकदा माझ्या हातात पोह्यांची प्लेट दिली आणि विचारलं, "तुला तर्री चालते का?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! मला वाईट नाही वाटलं गं. घरी मीच वाढायची, तर त्यांना विचारायची वेळ आली कधी?

ते निघायला तयार नसतील. "काहून जायचं? तिथं काय हाय?" असं म्हणतील. तेव्हा "जायचं का?" असं विचारूच नको. विचारलं की पुरुषमाणूस आधी नाहीच म्हणतो. चपला घाल, पिशवी घे आणि म्हण, मी निघाले विठ्ठलाच्या देवळात. दोन दिवस एकटी जा. तिसऱ्या दिवशी ते येतील.

देवळाचं म्हणतेय ते उगाच नाही. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे काकडा असतो. तुमच्या दारव्ह्यातही होत असेलच. पहाटेच्या गारव्यात दोघांनी चालत जायचं, टाळ वाजवायचे, प्रसाद घेऊन उजाडता परत यायचं. त्या वेळी रस्त्यावर ओळखीचं कोणी बघणारं नसतं, हा मोठा फायदा आहे. मला माहीत आहे, तुला लाज वाटते. आपल्याकडे म्हातारा-म्हातारी जोडीनं चालायला लागले की कोणी तरी म्हणतंच, काय आता नवीन लग्न झालं का. आणि यांच्या पिढीच्या माणसांना बायकोच्या दहा पावलं पुढे चालायची सवय. मी एक दिवस थांबलेच. मागे वळून पाहतील तोवर उभी राहिले आणि म्हटलं, माझे गुडघे दुखतात, बरोबरीनं चाला. गुडघे दुखतच होते. तेव्हापासून बरोबरीनं चालतात. तूही सांग. लोकांचं बोलणं महिनाभर चालतं, मग त्यांनाही सवय होते.

दसऱ्याच्या आधी यवतमाळला ये. इथली दुर्गादेवी पाहायला चारही बाजूंनी लोक येतात, पण ते रात्री येतात, आणि रात्रीच्या गर्दीत आपल्या वयाच्या माणसानं शिरू नये. आम्ही दुपारी उन्हं कलली की जातो. मूर्ती तीच, आरास तीच, फक्त रोषणाई नसते. मंडळाची पोरं खुर्ची देतात, पाणी विचारतात, मूर्तिकार कुठला ते सांगतात. दोन मंडळं पाहायची, चहा घ्यायचा, दिवे लागायला घरी. रोषणाई पाहायचीच असेल तर नातवाला म्हण, एकदा गाडीतून फिरवून आण.

भुलाबाई आठवते का तुला? भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसवायची आणि कोजागिरीला उठवायची, ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात मातीचे भुलोजी आणि भुलाबाई शेजारी शेजारी. घरोघरी जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं. आता आमच्या कॉलनीत भुलाबाई बसवणारी घरं थोडीच राहिलीत. तुझ्या गल्लीत कोणी बसवत असेल तर संध्याकाळी जा आणि जावईबापूंनाही ने. गाणी बायकांची असली तरी खाऊ ओळखायला पुरुष चालतात. शाळामास्तर आहेत, पोरींमध्ये रमतील.

आणि कोजागिरी. आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या थोरल्याला ओवाळतात. मी थोरली, म्हणून मला आई ओवाळायची, आणि तू दर वर्षी रुसायचीस, मला का नाही म्हणून. हेही त्यांच्या घरी थोरले. आई गेली, सासूबाई गेल्या, आणि एका कोजागिरीला आम्ही गच्चीवर दूध आटवून बसलो तर दोघांनाही ओवाळणारं कोणी नव्हतं. मी उठले, ताट केलं आणि यांना ओवाळलं. मग यांनी ताट माझ्या हातातून घेतलं. पुरुषानं बायकोला ओवाळायचं का, शास्त्रात आहे का, मला माहीत नाही. कुंकू माझ्या भुवईपर्यंत ओघळलं होतं. आता ते दर वर्षीचं झालंय. तू धाकटी, पण जावईबापूंना भावंडांत मोठा मान आहे. यंदा त्यांना तू ओवाळ.

गाव सोडून जायचं तर एसटी आहेच. पंच्याहत्तरी झालेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यभर एसटीचा प्रवास फुकट आहे, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, आणि आपल्या बायांना २०२३ च्या मार्चपासून वय काहीही असो, अर्धंच. यांचं आता शून्याचं तिकीट निघतं, कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं की झालं. म्हणजे दोघांच्या प्रवासाला माझ्या अर्ध्या तिकिटाचेच पैसे. तुम्हाला जावईबापूंचं अजून पूर्ण लागेल, तरी हातखर्चातून निघेल असा खर्च आहे. पोरांकडे मागायचं नाही. आपल्या फिरण्याचे पैसे आपल्या बटव्यातले असले की परत येताना कोणाला हिशेब द्यावा लागत नाही. फक्त स्टँडवरच्या स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नको. घरून निघताना जाऊन निघ, आणि म्हणून पाणी कमी पिणं मात्र करू नको. आपण बाया ते करतो आणि दुपारी डोकं धरून बसतो.

तुम्हाला जवळ धामणगाव देव आहे, मुंगसाजी महाराजांचं. तिथे अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. आमचं आवडतं कळंब. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला वीस-बावीस किलोमीटर. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. गौतमाच्या शापातून सुटायला इंद्रानं तिथे तप केलं अशी कथा आहे, आणि कुंडातलं पाणी कधी कधी वर चढून गणपतीच्या पायाला लागतं असं जुनी माणसं सांगतात. उतरायला सोपं वाटतं, चढताना गुडघे बोलतात. कठड्याच्या बाजूनं चाल आणि मधे थांबायची लाज धरू नको. चतुर्थी सोडून कुठल्याही साध्या दिवशी गेलीस तर तिथे इतकी शांतता असते की दोघांना कुजबुजीत बोलता येतं.

त्याच कळंबपर्यंत आता वर्ध्याहून रेल्वे आलीये, २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. आपल्या शकुंतलेत बसून आपण मूर्तिजापूरला जायचो ते आठव. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ती अरुंद लाईन, दारव्ह्याला गाडी थांबली की बाबा खाली उतरून कोणाकोणाशी बोलत बसायचे आणि आईचा जीव वर-खाली. ती गाडी बंद पडली तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. म्हणून ही नवी गाडी पाहायला आम्ही मुद्दाम गेलो. कळंबला बसायचं, देवळी ओलांडून वर्ध्याला उतरायचं, तिथून सेवाग्राम जवळ. बापू कुटीच्या अंगणात झाडाखाली बसून यायचं. गाडीची वेळ आधी विचारून घे, नाहीतर दिवस मोडतो. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, ती मिळेल म्हणून जाऊ नको.

शेताच्या बाजूला फिरायला जाशील तेव्हा काही गोष्टी सांभाळ. पाठीवर पंप घेऊन कोणी फवारणी करत असेल तर त्या धुऱ्यावरून जायचंच नाही, वास आला तरी मागे वळायचं. २०१७ मधले हेच दिवस आठव. फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात तरणी पोरं डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडली होती. त्या वर्षी मला कपाशीकडे पाहवत नव्हतं. आपल्याला हा ऋतू फिरण्याचा वाटतो, त्यांच्यासाठी तो राबण्याचा असतो, हे मनात ठेवून शेताजवळून जावं. वेचणीच्या बायांना किलोवर पैसे मिळतात, गप्पा मारायला त्यांना थांबवू नये. ओळखीच्या शेतात सीतादही असेल आणि बोलावलं तर मात्र जा. पहिल्या वेचणीआधी मालक-मालकीण जोडीनं पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य असतो. तुम्हीही दोघं ओंजळ-ओंजळ कापूस वेचून द्या. दुसरं म्हणजे गवतावर तसंच बसू नको. २०१८ मध्ये स्क्रब टायफसनं विदर्भात किती माणसं आजारी पडली, तो झुडपांतल्या बारीक किड्यांनी होतो. सतरंजी घे, घरी आल्यावर हातपाय धू, कपडे बदल. ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

दिवाळीत पोरं येतील तेव्हा फिरणं बंद पडेल. पडू दे. पण पोरं गेल्यावर जे सुनं सुनं वाटतं, त्याच आठवड्यात आवळा नवमी येते. तेव्हा आवळीखाली जेवायला जायचं, नवमीला जमलं नाही तर पौर्णिमेपर्यंत कधीही. आम्ही चार-पाच घरं मिळून जातो, आणि मी यात एक बदल केलाय. रोडगे आणि वांग्याची भाजी पुरुषांनी करायची. गोवऱ्या तेच पेटवतात, कणीक तेच मळतात, रोडगे जळतात तेही त्यांच्याच हातून. आम्ही बाया झाडाला पाणी घालतो, दिवा लावतो आणि बसून बोलतो. पहिल्या वर्षी तिखट इतकं पडलं की सगळे नाकडोळे पुसत होते, पण कोणी ताट अर्धं टाकलं नाही. आणि काय सांगू, घरी तोंड न उघडणारी माणसं चुलीभोवती किती बोलतात! यांनी त्या दिवशी त्यांच्या लहानपणच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली, ती मी आजवर ऐकली नव्हती.

सगळे दिवस असे जात नाहीत. कधी दोघं अख्खा रस्ता गप्प चालतो. कधी यांचा रक्तदाब वाढलेला असतो, कधी माझं मन नसतं. एकदा बसमध्ये खिडकीवरून असं वाजलं की उतरेपर्यंत बोललो नाही. तरी बाहेरचं भांडण बरं गं. घरातलं भिंतींना धरून राहतं, बसमधलं स्टँडवरच उतरतं.

आता माझं ऐक. येत्या बुधवारी सकाळची दारव्हा-यवतमाळ गाडी पकड. आम्ही दोघं स्टँडवर येतो, तिथूनच चौघं कळंबची गाडी धरू. जावईबापूंना काही विचारू नको, फक्त सांग की ताईनं बोलावलंय. माझं नाव सांगितलं की ते नाही म्हणत नाहीत. पायात सपाट चप्पल घाल, ती नवी टाचेची नको. आणि पोह्यांचे पैसे यंदा हे देणार आहेत, त्यावरून स्टँडवर ओढाताण करायची नाही.