हिरवी बकेट कोणालाही देऊ नका

आमच्या आंजी गावात गुरांच्या कोठ्यातल्या सामानाला रंग ठरवून देणारा मी एकटाच, म्हणून लोक हसत. हसोत. गवळाऊ जनावरं सारी पांढरी, दावी सारखी, बकेटा सारख्या. कोणाचं काय, हे सालदारानं ध्यानात ठेवायचं तरी कसं? घोड्यांच्या मोठ्या तबेल्यांत खरारा, लगाम, बादल्या रंगानं वेगळ्या ठेवतात. तेच मी केलं. हिरवं धडधाकट जनावरांचं, लाल आजारी जनावराचं, निळं मागायला येणाऱ्यांचं.

पोळा तोंडावर असताना मी वावरात गेलो आणि शेजारी हिरवी बकेट घेऊन गेला. निळी बाजूलाच टांगलेली. संध्याकाळी बकेट परत आली, घासूनपुसून लख्ख. तेव्हाच नवल वाटलं. हा माणूस कधी काही धुऊन देत नाही.

मग एका सकाळी गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबताना दिसल्या. जिभेवर फोड. लाळ्या-खुरकूत! तसाच शेजाऱ्याच्या मागच्या दारी गेलो. तिथं त्याचा बैल एक पाय उचलून उभा, खुराला हळद थापलेली. आठवडाभर लपवलं होतं, पोळा हुकू नये म्हणून. विचारलं तर म्हणतो, ‘बकेटीनं का रोग येते भाऊ? जनावराले होतेच.’

येतो. लाळेतून, दाव्यातून, गव्हाणीतून, चपलेच्या तळव्यातूनसुद्धा येतो. गाईला लस होती, ती सावरली. वासरू लसीच्या वयाचं, म्हणजे 4 महिन्यांचं, झालं नव्हतं. हा विषाणू लहान वासरांच्या थेट हृदयावर जातो. आचळाला तोंड लावलं असतानाच ते कोसळलं. पोळ्याला माझे बैल कोठ्यातच राहिले. शेजाऱ्यानं मात्र दुसऱ्याचा बैल मागून जोडी केली आणि तोरणाखाली ऐटीत उभी केली.

आता तुमच्यासाठी. प्लॅस्टिकच्या बकेटीला रंग लावू नका, पोपडे निघतात. रंगीतच विकत घ्या. दाव्याला रंगीत चिंधी बांधा. कोठ्यातल्या अंधुक उजेडात लाल-हिरवं कळत नाही, म्हणून लालच्या कडीला सुतळीची गाठ मारा, हाताला लागते. फवारणीचं भांडं कोठ्यात आणूच नका. कोठ्यातल्या हिरव्याशी गल्लत नको: फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे विष कमी, विष नाही असं नव्हे. बाहेरून आलेली वस्तू नुसती घासून भागत नाही. 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात बुडवून ठेवा. लस दर 6 महिन्यांनी, सरकारी आहे, फुकट आहे.

आणि हिरवं सामान कुलपात ठेवा. मागायला कोणी आलं तर निळी बकेट द्या. नको म्हणाला तर रिकाम्या हातानं जाऊ द्या, रुसला तरी चालेल.