लोकर चार हजारांची, दारात आठ हजारांची

अगं, काल फोन चालू ठेवूनच तू त्या कुरियरच्या पोराला झापत होतीस, मला सगळं ऐकू येत होतं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? मोबाइलवर आलेला आकडा त्याने वाचून दाखवला. इंग्लंडहून मागवलेल्या चार हजारांच्या लोकरीवर वर अजून पावणेतीन-तीन हजार म्हटल्यावर डोकं फिरणारच, कबूल. पण तो आकडा कुणी मनाने लावलेला नसतो. ऑर्डर देण्याआधी पाठकोऱ्या कागदावर मांडता येतो.

मांडून बघ. लोकर चार हजारांची आणि टपालखर्च दीड हजार. तुला वाटतं कर चार हजारांवर लागेल. तसं नसतं. सीमाशुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या सगळ्यांच्या बेरजेवर लागतं, म्हणजे साडेपाच हजारांवर. दर बजेटागणिक बदलतात, वस्तूप्रमाणेही बदलतात, म्हणून समज 20 टक्के धरला. 1100 झाले. आता जीएसटी, तो साडेपाच हजारांवर नाही हं, 6600 वर. म्हणजे करावरही कर. 18 टक्क्यांनी तो 1188. कर मिळून 2288 झाले. त्यावर कुरियर कंपनीची स्वतःची फी असते, कारण तुझ्या वतीने कागदपत्रं तिने केली आणि विमानतळावर पैसेही तिनेच आधी भरले. ती फी समज 500, आणि तिच्यावर पुन्हा जीएसटी 90. मोज आता. दारात आलेली लोकर 8378 रुपयांची झाली.

मला खरा राग येतो तो या फीचा. कर सरकारचा आहे, तो द्यायचाच. पण ही फी वेबसाइटवर कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात असते. लग्नाच्या हॉलवाल्याने भाडं सांगावं आणि जनरेटर, भांडी, साफसफाई नंतर काढावी, तसंच हे. पोस्टाने येणाऱ्या पार्सलावरही कर लागतोच, पण पोस्टाचा आकार सहसा कुरियरपेक्षा खूप कमी असतो. वेळ मात्र लागतो. म्हणून घाई नसेल तर दुकानदाराला साध्या टपालाने पाठवता का, असं विचार.

आणि ‘ड्यूटी किती लागेल?’ हे त्याला विचारत बसू नकोस. त्याला ते माहीत नसतं, माहीत असायचं कारणही नाही. ‘ड्यूटी तुम्ही भरणार की मी?’ असं विचार. काही मोठ्या साइट पैसे भरतानाच आयातशुल्क धरून घेतात, मग दारात कुणी काही मागत नाही. बाकीचे गप्प राहतात, आणि गप्प म्हणजे तू भरायचंस. अजून एक बघत जा. इंग्लंडच्या किमतीत तिथला 20 टक्के व्हॅट बहुधा धरलेला असतो. माल देशाबाहेर जात असेल तर तो वजा करता येतो. भारतातला पत्ता टाकल्यावर किंमत खाली आली नाही, तर सरळ मेल करून विचार. दोन्हीकडचा कर तू का भरायचा?

आता एक कानात सांगते. एखादा दुकानदार गोड बोलून म्हणेल, ‘पार्सलवर गिफ्ट लिहितो, काही लागणार नाही.’ लिहू देऊ नकोस. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूला मिळणारी सूट डिसेंबर 2019 मध्ये गेली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढेच अपवाद राहिले. किंमत कमी लिहिणाऱ्यालाही नाही म्हण. अधिकारी तीच साइट उघडून किंमत बघू शकतो. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई मिळणार ती लिहिलेल्या किमतीची.

न्यू जर्सीच्या मावशीचं या बाबतीत ऐकू नकोस. तिकडे 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांवर काही लागत नसे, त्यामुळे तिला हे सगळं नवलाचं वाटतं. ती सवलत अमेरिकेनेही 29 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली. तेव्हा आपल्या पोस्टानेही तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली आणि ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्यात, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. किती घरांचा फराळ त्यात अडकला असेल! आपल्याकडे तर विकत मागवलेल्या वस्तूंना अशी सवलत नाहीच, म्हणून एका ऑर्डरीचे चार तुकडे करून काही हाती लागत नाही. उलट चौघी मैत्रिणींनी मिळून एकदम मागवा. टपालखर्च वाटला जातो आणि त्याच्यावरचा करही.

तुझ्या या पार्सलाचं विचारशील तर पैसे भर आणि घेऊन टाक. परत पाठवलंस तर टपालखर्च बुडाला, दुकानदार परतीचं भाडं कापणार, आणि हातात लोकरही नाही. मात्र भरण्याआधी कुरियरकडून शुल्काची पावती मागून घे. त्यात कर किती आणि फी किती हे वेगवेगळं दिसलं पाहिजे.

हो, आणि पैसे कुठे भरतेस ते बघ. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नकोस. कुरियरच्या साइटवर स्वतः जाऊन पार्सलचा नंबर टाक, रक्कम तिथेही दिसली तरच भर. ‘कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले’ असा फोन आला तर घाबरून बोलत बसायचं नाही, फोन ठेवायचा. कस्टम्सवाले कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. त्यांच्या खऱ्या पत्रावर डिन नावाचा नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. आणि पैसे गेलेच, तर रडत बसायच्या आत 1930 ला फोन लाव. हे आईलाही समजावून सांग. तिने आयुष्यात परदेशातून काही मागवलेलं नाही, पण असा फोन आला तर आपल्यापैकीच कुणीतरी मागवलं असेल असं समजून ती पैसे भरून मोकळी होईल.