कोंबडीखाद्याचे पोते गोठ्यापासून लांब ठेवा

पावसाळ्यासाठी खाद्य भरून ठेवायचे दिवस आले. सरकी पेंड, गोळी पेंड, कोंबड्यांचे खाद्य आणि डाळिंबासाठी आणलेले बोनमील (हाडांची भुकटी) ही पोती बऱ्याच ठिकाणी एकाच शेडमध्ये, एकाच थप्पीला लागतात. ती यंदा वेगळी करा, कारण पोत्यांची अशी सरमिसळ एका रोगाला वाट देऊ शकते.

'मॅड काऊ' म्हणजे बीएसई हा रोग भारतात आजवर आढळलेला नाही. तो ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी स्वस्त प्रथिन म्हणून गाईंच्या खुराकात घातली जात होती, तिच्यातून तो पसरला. १९८८ साली रवंथ करणाऱ्या जनावरांना ही भुकटी देण्यावर बंदी आली. तरी बंदीनंतर जन्मलेल्या हजारो गाईंना रोग झालाच. डुकरे-कोंबड्यांच्या खाद्यात भुकटी चालू होती आणि त्याच गिरण्यांत गाईंचे खाद्यही बनत होते. प्रयोगात रोगी मेंदूचा ग्रॅमभराहूनही कमी अंश वासराला बाधायला पुरला. शेवटी १९९६ साली सगळ्याच पाळीव जनावरांच्या खाद्यातून ही भुकटी काढावी लागली. तोवर या रोगामुळे माणसेही दगावू लागली होती.

हा रोग जंतूचा नाही, विषाणूचाही नाही. प्रिऑन नावाचे बिघडलेले प्रथिन मेंदू पोखरते. लस नाही, औषध नाही, नेहमीच्या उकळण्याने ते नष्टही होत नाही. लक्षणे दिसायला साधारण चार-पाच वर्षे लागतात, म्हणून आज चारलेल्याचा हिशेब आज लागत नाही.

आपल्याकडे दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना मांस-हाडांची भुकटी असलेले खाद्य देण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे. कोंबडी, डुक्कर आणि मासे यांना त्यातून सूट आहे. खरी गोम इथेच आहे. लेअर कोंबड्यांचे उरलेले खाद्य 'वाया कशाला घालवायचे' म्हणून गाईपुढे टाकणारे गोठे कमी नाहीत. ते टाकू नका. कोंबड्यांचे घमेले, माप, भरडायचे यंत्रही गाईसाठी वापरू नका. बोनमील बागेतच जाऊ द्या.

पशुखाद्य घेताना पोत्यावर आयएस २०५२ आणि घटकांची यादी पाहा. सुटे, बिनशिक्क्याचे, भाव फारच उतरलेले खाद्य नको. प्रथिनासाठी सोयाबीन, सरकी, शेंगदाणा पेंड आहेच. गाय हाडे-चामडे चघळत असेल तर बहुधा तिला स्फुरद कमी पडतोय. मोठ्या गाईला रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्या. नेमके प्रमाण डॉक्टरांना विचारा. रानातली हाडे गोळा करून खोल पुरा, त्यांतून बोट्युलिझमही होतो.

गाय उगाच बिचकते, धार काढताना लाथा झाडते, मागच्या पायांत लटपटते, खाऊनही खंगते, अशी मॅड काऊसारखी लक्षणे दिसली तर आपल्याकडे आधी रेबीजचा संशय धरायचा. तोंडात हात घालू नका, दूध वेगळे काढून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. जनावर दगावले तर डॉक्टर येईपर्यंत ते हलवू नका, कातडे काढायला कोणाला देऊ नका.