लिंबू आंबट, मग ते ‘अल्कलाइन’ कसं?

प्रश्न : यजमानांना मोबाइलवर कुणीतरी ‘आम्ल तयार करणाऱ्या पदार्थां’ची यादी पाठवली. रक्त आम्लधर्मी झालं की सगळे आजार मागे लागतात, असं तीत म्हटलंय. तेव्हापासून त्यांनी डाळ, भात, दूध, अंडी सगळं सोडलंय आणि सकाळी लिंबूपाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून पितात. वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू आहे. हे योग्य आहे का? आणि एवढं आंबट लिंबू अल्कलाइन गटात कसं बसतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी लिंबाचं सांगते. जिभेला आंबट लागण्याशी या यादीचा संबंध नाही. पदार्थ पचून, वापरून झाला की शरीरात मागे काय उरतं, त्यावर ही वाटणी केलेली आहे. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, आणि तो वायू श्वासावाटे निघून जातो. फळांत नि भाज्यांत पोटॅशियमसोबत जे सायट्रेट असतं, त्यापासून मात्र बायकार्बोनेट बनतं, आणि ते आम्ल मारणारं. उलट डाळ, भात, अंडी, मासे, मटण यांच्या प्रथिनांत गंधक असतं. त्याचं शरीरात सल्फ्युरिक आम्ल होतं. म्हणून गोडसर लागणारा भात एका बाजूला आणि आंबट लिंबू दुसऱ्या.

ही कल्पना थोतांड नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्याकडे बाजारातून आणलेल्या सशांची लघवी नितळ आणि आम्लधर्मी निघाली. गवत खाणाऱ्या सशाची ती गढूळ आणि अल्कधर्मी असते. ससे उपाशी आहेत, स्वतःच्याच अंगातल्या मांसावर जगताहेत, हे बर्नार यांनी ओळखलं. गवत घातल्यावर लघवी पूर्ववत झाली. १८६५च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलं. पुढे १९९५ साली रेमर आणि मान्झ या संशोधकांनी पदार्थागणिक आम्लभाराचे आकडे काढले; उणे आकडा म्हणजे पदार्थ अल्कलाइन. शंभर ग्रॅमला पालक उणे १४, दूध जेमतेम ०.७, मसूर ३.५ आणि पार्मेझान चीज तब्बल ३४. यजमानांच्या यादीत दूध आणि डाळ गुन्हेगार ठरली आहेत, पण या तक्त्यात ती किती खाली आहेत ते पाहा.

घोटाळा होतो तो पुढे. आहाराने बदलतो तो लघवीचा सामू, म्हणजे पीएच. निरोगी माणसाच्या रक्ताचा नव्हे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं जादा आम्ल लघवीत सोडून तो सांभाळतात. लघवीचा सामू ४.५ ते ८ इतका हलतो, कारण तिथेच हा जमाखर्च चुकता होतो. घरी लघवीत सामू मोजायची पट्टी बुडवून रंग बदलला म्हणजे मूत्रपिंडं आपलं काम करताहेत, एवढंच. ‘अल्कलाइन’ आहाराने कॅन्सर बरा होतो असा प्रचार करणारे ‘द पीएच मिरॅकल’चे लेखक रॉबर्ट यंग यांना २०१६ साली कॅलिफोर्नियात विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल ज्युरीने दोषी ठरवलं. महागड्या अल्कलाइन पाण्याचं तर बोलायलाच नको. जठरातल्या आम्लात पडताच त्याचा अल्कलीपणा संपतो.

पालेभाज्या, फळं वाढवण्याचा सल्ला चांगलाच आहे. तंतू मिळतात, पोटॅशियम मिळतं, रक्तदाबाला मदत होते. पण त्यासाठी डाळ सोडणं मला फार काळजीचं वाटतं. आपल्या घरांत प्रथिनं मुळातच कमी पोटात जातात आणि साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात. डाळ, दूध, अंडी एकदम बंद केली तर यजमानांच्या वाट्याला प्रथिनं उरली किती? वाटीभर वरणाचं आम्ल मेथीच्या किंवा माठाच्या एका वाढणीने सहज फिटतं.

सोडा मात्र आजच थांबवा. लिंबू पिळल्यावर तो फसफसतो, वायू उडून जातो, पण सोडियम पेल्यातच राहतं. अर्ध्या चमच्यातून सुमारे ०.६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादाच २ ग्रॅम सांगितली आहे, आणि यजमानांना रक्तदाब आहे. जेवणानंतर जळजळत असेल तर तो वेगळा विषय. त्यासाठी उशिराचं जेवण, लगेच आडवं होणं, तंबाखू आणि उपाशीपोटी चहा यांकडे बघा.

एका ठिकाणी आहारातल्या आम्लाचा हिशेब खरोखर महत्त्वाचा ठरतो. मूत्रपिंडं थकलेल्या रुग्णांच्या रक्तात आम्ल साचू लागतं आणि डॉक्टर त्यांना सोडाबायकार्बच्या गोळ्या देतात. मात्र अशा रुग्णांत पोटॅशियमही साचू शकतं, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही ते वाढू शकतं. तेव्हा रोज शहाळं, केळी किंवा पालेभाज्यांचे रस सुरू करण्याआधी यजमानांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या, अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवा. वरणभात मात्र आज रात्रीपासूनच वाढा.