होडी डोंगर कशी चढते? इंग्लंडचे अरुंद कालवे, लॉक आणि नॅरोबोट



पनामा कालव्याचं चित्र दाखवताना वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पाणी तर खालीच वाहतं. मग जहाज वर कसं चढतं?" प्रश्न एकदम बरोबर होता. पनामाची जहाजं फार मोठी, समजायला अवघड. म्हणून मी तिला इंग्लंडमधल्या छोट्या होडीचं उदाहरण दिलं. तोच पाठ आज इथे देत आहे.

नॅरोबोट म्हणजे काय?

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताचं पाणी आठवतं. इंग्लंडमध्ये मात्र कालवे खोदले ते मालवाहतुकीसाठी. 1761 मध्ये जेम्स ब्रिंडली या कारागिराने बांधलेल्या ब्रिजवॉटर कालव्यातून वर्स्ली गावाच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे जाऊ लागला. काठावरून चालणारा एक घोडा दोराने सुमारे 25 टन माल ओढायचा.

पुढे डोंगराळ भागात कालवे न्यायचे, तर पाणी आणि पैसा दोन्ही वाचवायला हवं. म्हणून अनेक ठिकाणी रुंदी अगदी कमी ठेवली. त्या मापाची होडी म्हणजे नॅरोबोट. रुंदी जेमतेम 2.1 मीटर, पण लांबी 22 मीटरपर्यंत! आज घोडा गेला, इंजिन आलं. माल गेला, आणि लोक या होड्यांतून सहल करतात, काही जण तर त्यातच राहतात.

लॉक कसं काम करतं?

लॉक (जलपाश) म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना फाटकं असलेली एक लांबट खोली समजा. फाटकांत आणि जमिनीखालच्या वाटांवर झडपा असतात, त्यांना तिकडे पॅडल म्हणतात. पॅडल उचलायला 'एल' आकाराचा लोखंडी हँडल लागतो, त्याचं नाव विंडलास.

वर चढताना क्रम असा :

1. लॉकमधलं पाणी खालच्या पातळीला आहे ना ते बघायचं. मग खालचं फाटक उघडून होडी हळूच आत घ्यायची.
2. खालचं फाटक आणि त्याची पॅडल बंद करायची.
3. वरच्या बाजूची जमिनीखालची पॅडल थोडी थोडी उघडायची. घाई करून फाटकातलं पॅडल आधीच उघडलं, तर पाण्याचा लोंढा थेट होडीच्या पुढच्या भागात पडतो.
4. पाणी भरतं तशी होडी वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचं फाटक उघडायचं.
5. होडी बाहेर काढून मागचं सगळं बंद करायचं.

बघा, होडी उचलायला कुठलंही यंत्र नाही. वरचं पाणी खाली येतं आणि येता येता होडीला वर उचलतं. म्हणजे पाणी खालीच वाहिलं, नियम मोडलाच नाही!

फाटक जोराने का उघडत नाही?

काही लॉकला खालच्या बाजूला दोन पानांचं फाटक असतं. बंद झाल्यावर ती पानं नमस्काराच्या हातांसारखी टेकतात आणि त्यांचा कोन वरच्या पाण्याकडे असतो. पाणी जितकं रेटेल तितकं फाटक घट्ट बसतं. अशा फाटकांचा आराखडा लिओनार्दो दा विंचीने 15व्या शतकाच्या अखेरीस केला होता.

आता गणित करू. फाटक 2.1 मीटर रुंद आणि पाणी साधारण 1 मीटर खोल. दोन्हीकडच्या पातळीत फक्त 10 सेंटीमीटर फरक असला, तरी फाटकावर 200 किलोहून जास्त वजनाएवढा रेटा येतो. कितीही ढकला, हलणार नाही. दोन मिनिटं थांबा, पातळी सारखी होऊ द्या. मग तेच फाटक, त्याच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावली की एकटा माणूसही उघडतो.

सगळ्यात मोठा धोका : उंबरठा

वरच्या फाटकाखाली, लॉकच्या आतल्या बाजूला, दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली दिसत नाही. होडी खाली उतरताना तिचं मागचं टोक या उंबरठ्यावर राहिलं तर? पाणी उतरतं, पुढचं टोक खाली जातं, मागचं अडकून राहतं. होडी कलंडते, आत पाणी शिरतं आणि ती काही मिनिटांत बुडू शकते. अशा दुर्घटना खरोखर झाल्या आहेत. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारून उंबरठा कुठपर्यंत आहे ते दाखवलेलं असतं. होडी कायम त्या रेघेच्या पुढेच ठेवायची.

लक्षात ठेवा :

- होडी अडकली, तर आधी खालची पॅडल ताबडतोब बंद. मग वरची पॅडल हळूहळू उघडून पाणी पुन्हा भरायचं.
- उतरताना दोर घट्ट बांधायचा नाही, नाहीतर होडी दोराला लटकते. दोर हातात धरून सैल सोडत राहायचा.
- विंडलास दांड्यावर तसाच सोडायचा नाही. खटका सुटला तर तो गरगर फिरून हात मोडू शकतो.
- विंडलास धरणाऱ्याची नजर सतत होडीवर हवी. गप्पा नंतर!

अरुंद कालव्यात होडी चालवताना

चालवणारा मागच्या टोकाला उभा असतो. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. वळताना ती साधारण मधल्या भागाभोवती फिरते, म्हणून पुढचं टोक इकडे आलं की मागचं तिकडे जातं. ब्रेक नाहीत. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं, आणि त्या वेळी सुकाणू जवळपास निकामी होतं. 15-20 टनांची होडी हातापायाने अडवायला जायचं नाही, हाड मोडेल.

इंग्लंडमध्ये रस्त्यावर आपल्यासारखं डावीकडून चालतात, पण कालव्यात समोरून होडी आली की उजवीकडे सरकायचं. वेगाची मर्यादा ताशी सुमारे 6.5 किलोमीटर. जास्त वेगाने लाटा उठून काठ ढासळतो. काठाला बांधलेल्या होड्यांजवळून तर याहून हळू जायचं.

पाण्याचा हिशोब

वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिग इथे ओळीने 30 लॉक आहेत. एकूण चढ सुमारे 67 मीटर, म्हणजे एका लॉकला साधारण 2.2 मीटर. एका लॉकचं पाणी किती?

22 × 2.1 × 2.2 = सुमारे 101 घनमीटर, म्हणजे 1 लाख लिटरहून जास्त. 10,000 लिटरचे 10 टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या मुलांना हा आकडा लगेच कळतो. प्रत्येक वेळी एवढं पाणी वरून खाली जातं. म्हणून समोरून होडी येत असेल आणि लॉक तिच्या बाजूने तयार असेल, तर आपण थांबायचं. तिला आधी येऊ द्यायचं. त्याच पाण्यात दोघांचं काम होतं.

माझ्या वर्गाने या पाठातून एक वाक्य फळ्यावर लिहिलं : "पातळी सारखी झाली की दार आपोआप हलकं होतं." भांडणाऱ्या दोन मुलांना समजावतानाही मला तेच वाक्य उपयोगी पडलं.

स्वाध्याय

1. होडी वर चढताना आधी कोणती पॅडल बंद करावी लागतात? का?
2. खाली उतरताना पांढऱ्या रेघेकडे लक्ष का द्यायचं?
3. टार्डबिगचे 30 लॉक चढताना प्रत्येक लॉकला 10 मिनिटं लागली, तर एकूण किती तास लागतील?
4. कृती : तळाजवळ भोक पाडलेल्या दोन बाटल्या नळीने जोडा. एकीत पाणी ओता. पाणी वाहणं कधी थांबतं ते बघून वहीत लिहा.